शिकवणीचं ॲप : घेण्याआधी आणि बनवण्याआधी किती खर्च कराल?

जून लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यात बियाण्याच्या दुकानापुढे गर्दी होते आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानापुढेही. हल्ली या दोन खरेद्यांच्या जोडीला तिसरी आली आहे, मुलांच्या अभ्यासाच्या ॲपची. कुणी टीव्हीवरची जाहिरात पाहून घेतं, कुणी भाच्याने घेतलं म्हणून. ज्यांचा स्वतःचा क्लास आहे त्यांना तर अधूनमधून फोन ठरलेलाच : 'सर, तुमच्या नावाचं, तुमच्या फोटोचं ॲप करून देतो.' घेणारा आणि बनवून घेणारा, दोघांचा पहिला प्रश्न सारखाच असतो. कितीला पडतं?

दोघांनाही आकडा सांगितला जातो आणि तो खोटा नसतो. फक्त त्यात एक रक्कम धरलेली नसते. वर्षाचे पैसे भरलेलं ॲप पोळ्यापर्यंत चालतं, मग ते उघडणंच बंद होतं. पोराला विचारलं तर 'कंटाळा आला' म्हणतो. खोदून विचारलं की कळतं, तो कुठेतरी अडला होता आणि अडलो म्हणजे चूक आपलीच, असं समजून गप्प बसला होता. बुडालेली रक्कम ती हीच. तिची पावती कुणी देत नाही.

हे अडणं शोधून काढायची एक पद्धत आहे, तिला डिझाइन थिंकिंग म्हणतात. नाव भारी आहे, त्या नावावर शहरात फीही भारी घेतात. काम मात्र साधं आहे. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याच्याजवळ जाऊन बसायचं, त्याची खरी अडचण एका वाक्यात मांडायची, उपाय भरपूर काढायचे, त्यातला एक कच्चा करून बघायचा आणि तो पुन्हा त्याच माणसाच्या हातात द्यायचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'डी-स्कूल'मुळे या पाच पायऱ्या जगभर पोचल्या. मोताळ्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी वाटायचं कारण नाही. घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सत्तरच्या वर कोंब आले तरच पेरतो. ॲपची उगवण चाचणी तेवढीच स्वस्त असते, आणि ती घेणाऱ्यानेही करायची असते, बनवणाऱ्यानेही.

पुढचे दर अंदाज बांधण्यापुरते आहेत. रिचार्जचे आणि फोनचे भाव तर वर्षात दोनदाही हलतात.

आधी फुकट काय मिळतं ते बघा

'दीक्षा' हे ॲप केंद्र सरकारने २०१७ च्या सप्टेंबरात सुरू केलं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड त्यानेच उघडतात. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडायची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी चालवून दाखवली होती. पुढे २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, तेव्हा हेच काम गाजलं. दीक्षामध्ये लॉगिन न करताही धडे बघता येतात आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. ही दुसरी सोय आपल्या भागात सोन्यासारखी आहे. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेतच.

वाचनाची सुरुवात असलेल्या मुलांसाठी गुगलने २०१९ मध्ये 'बोलो' नावाचं ॲप आणलं, पुढे त्याचं नाव 'रीड अलाँग' झालं आणि त्यात मराठीही आलं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि शब्द चुकला तर सांगतं. बाजारात आणण्याआधी ते उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या मुलांना वापरायला देऊन पाहिलं गेलं होतं, आणि सुरुवातीपासून ते नेटशिवाय चालेल असं केलं होतं. खेड्यात जाऊन बसलं की असल्या गोष्टी आपोआप सुचतात.

फुकट म्हटलं तरी रिचार्ज आहेच. २०२४ च्या जुलैतल्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांना झाला. व्हिडिओचा दर्जा ३६०पी ठेवला तर तासाला साधारण ३०० एमबी जातात. म्हणजे एका मुलाचा तासाभराचा अभ्यास रोजच्या दीड जीबीत आरामात बसतो आणि वर व्हॉट्सॲपलाही उरतं. खरी टंचाई फोनची असते. घरात चांगला फोन एक, तो बाबांच्या खिशात, बाबा शेतात नाहीतर मलकापूरच्या बाजार समितीत. फोन घरी येतो तो रात्री आठला. दोन मुलं असली तर एकेकाच्या वाट्याला अर्धा तास, त्यातही लाइटचा आणि रेंजचा खेळ. म्हणून ॲप निवडताना पहिलं बघायचं ते हे, की अर्ध्या तासात त्यात काही एक पुरं होतं का? धडा मध्येच थांबवला तर उद्या तिथूनच सुरू होतो का? केवळ ॲपसाठी दुसरा फोन घ्यायची वेळ आली, तर साध्या नव्या ४जी फोनचे सात-आठ हजार ॲपच्याच किमतीत धरा. मग ते ॲप स्वस्त राहत नाही.

मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा

विकत घ्यायचं ठरवलं असेल, तर पैसे भरण्याआधी चाचणीची मुदत घ्या आणि फोन मुलाच्या हातात द्या. तुम्ही शेजारी बसा. एकच नियम पाळायचा, काही सांगायचं नाही. हे फार अवघड जातं, बोट आपोआप स्क्रीनकडे जातं. हात मागे बांधून बसा.

सातवीतली एक मुलगी समजा. पहिली स्क्रीन मोबाइल नंबर मागते. तिला पाठ असलेला नंबर बाबांचा, हातातला फोन आईचा. ओटीपी गेला बाबांकडे. ती बाबांना फोन लावते, बाबा ट्रॅक्टरवर, ऐकू येत नाही. आकडा मिळेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पाठवा, पुन्हा फोन. कसंबसं आत गेल्यावर दुसरी स्क्रीन : बोर्ड निवडा. सीबीएसई, आयसीएसई, स्टेट. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. 'स्टेट' म्हणजे आपण, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ती सीबीएसई दाबते, कारण ते सगळ्यात वर आहे. आता धडे भलतेच दिसतात. मागे जावं म्हणून फोनचं बॅक बटण दाबते, तर अख्खं ॲप बंद. उघडलं की पुन्हा नंबर मागतं. 'मले तं काही समजूनच नाही रायलं,' असं म्हणून ती फोन आईकडे देते.

सात-आठ मिनिटांत एवढं घडलं आणि गणिताचं एकही उदाहरण अजून समोर आलेलं नाही. कुठे काय झालं ते जसंच्या तसं कागदावर लिहा. असलं ॲप कितीही गाजलेलं असलं तरी तुमच्या घरी चालणार नाही. दुसरं बघा.

लॉगिनची पायरी ओलांडली तर पुढची गाठ भाषेची. आपल्याकडे सेमी इंग्रजीने हा गुंता वाढवला आहे. एकाच गावात एक मूल 'लसावि' शिकतं, शेजारचं 'एलसीएम', आणि ॲपमध्ये धडा मराठीत असला तरी सूचना 'स्किप' आणि 'सबमिट' याच भाषेत. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवा. मोठी माणसं भांडत राहिली. मुलाचा प्रश्न साधा असतो : बाई वर्गात जसं म्हणतात तसंच ॲप म्हणतं का? तुमच्या मुलाच्या शाळेतलं पुस्तक शेजारी उघडं ठेवा आणि एका धड्याचे शब्द पडताळून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

जोडाक्षरं नीट दिसतात का तेही बघा. स्वस्त फोनवर 'विद्यार्थी'चा 'द्या' फुटून हलन्त द आणि सुटा या असा दिसला, तर नुकतं वाचायला शिकलेलं मूल तिथेच अडखळतं. दुपारी ओट्यावर, उजेडात फोन धरून बघा. फिकट राखाडी अक्षरं एसीतल्या ऑफिसात छान दिसतात, विदर्भातल्या एप्रिलमध्ये त्यांचा पत्ता लागत नाही. आणि ॲप केवढी जागा खातं ते बघा. ज्या फोनमध्ये रोजच्या सुप्रभातांच्या फोटोंनी आधीच जागा भरली आहे, तिथे नवं मोठं ॲप आलं की घरातलं कुणीतरी ते पुसणार.

पैसे देताना

ॲप वापरायला अवघड असणं ही बऱ्याचदा बनवणाऱ्याची हयगय असते. पण काही ठिकाणी ही अडचण मुद्दाम केलेली असते. घेणं एका बोटाचं आणि बंद करणं सात दारांआडचं, हीसुद्धा कुणीतरी बसून केलेली रचना आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'फक्त दहा मिनिटं शिल्लक' अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली जादा वस्तू, 'नको, मला मुलाच्या भविष्याची काळजी नाही' असं लाजवणारं बटण, सहज अडकवून सुटू न देणारी वर्गणी, शेवटच्या स्क्रीनवर वाढलेली किंमत, हे सगळे त्या यादीत आहेत. यातलं काही दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे कामाला येतो.

'सात दिवस मोफत' म्हणताना बहुतेक ठिकाणी ऑटोपेची परवानगी आधीच घेतलेली असते. शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ च्या सूचनेत पालकांना सांगितलंच होतं, आपोआप पैसे कापण्याचा पर्याय टाळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. तो एसएमएस वाचा, जाहिरात समजून सोडू नका. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, हा समज सर्वांत महागात पडतो. वर्गणी बंद करायची ती गुगल प्लेच्या वर्गण्यांच्या यादीतून, किंवा ज्या यूपीआय ॲपवरून परवानगी दिली तिथल्या ऑटोपेच्या यादीतून. प्लेवरून नुकतंच काही घेतलं असेल तर ४८ तासांच्या आत परतावा मागून बघा. नंतर कंपनीच्या मागे लागावं लागतं.

मोठ्या रकमेचा कोर्स असेल तर विक्रेता हप्त्यांचा पर्याय देतो. कागद नीट वाचा, कारण तो हप्ता पुष्कळदा एखाद्या कर्ज देणाऱ्या कंपनीचा असतो. ॲप आवडलं नाही म्हणून कोर्स सोडला तरी कर्ज तिथेच राहतं आणि हप्ता चुकला की तुमच्या सिबिलवर डाग. उद्या पीककर्जाला बँकेत गेल्यावर तो डाग दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम केले. त्यानुसार कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात मिळायला हवी आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता यायला हवं. ते पत्रक मागा. विक्रेता 'नंतर मेल करतो' म्हणाला, तर सही तुम्हीही नंतर करा.

खासगी शिकवणीवर १८ टक्के जीएसटी आहे. सांगितलेल्या किमतीत तो धरला आहे का ते विचारा. दहा हजार ऐकून गेलात आणि बिल ११,८०० चं आलं, असं होऊ नये. उलट, गावातल्या छोट्या क्लासची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्यांनी नोंदणी केली नसेल, तर त्यांना तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही.

फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, त्याला खर्च नाही. तिथे मिटलं नाही तर राजूर घाट चढून बुलढाण्याला, जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असलं म्हणून बंगळुरूला जावं लागत नाही. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील लागतोच असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि घाट चढायचा नसेल तर ऑनलाइनही दाखल होते. स्क्रीनशॉट, पैसे कापल्याचा एसएमएस, विक्रेत्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढं जपून ठेवलं तर निम्मं काम झालं.

क्लासवाल्यांनो, तुमचा हिशेब वेगळा

आता दुसरी बाजू. शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएसची तयारी करून घेणारे छोटे क्लास तालुक्यात आहेत. एनएमएमएस शिष्यवृत्ती मिळाली तर मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, त्यामुळे पालकही मनापासून खर्च करतात. अशा सरांना ॲप हवं असणं साहजिक आहे. पण सगळ्यात महाग चूक इथेच होते. आधी ॲप बनतं, मग मुलं अडतात, मग दुरुस्तीचे पैसे. भिंत बांधून झाल्यावर खिडकी काढायची तर जास्त लागतं, हे गवंड्याला सांगावं लागत नाही, पण ॲपवाला ते तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून पहिली पायरी कागदावर. ॲपच्या दहा-पंधरा स्क्रीन कागदावर पेनने काढा, बटणं आयताकृती चौकटीत. पाच मुलं बोलवा. पाचच का, तर डेन्मार्कचे जेकब नीलसन यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की वापरातल्या अडचणींपैकी साधारण ८५ टक्के पाच जणांच्या चाचणीतच उघड होतात. सहाव्यापासून त्याच त्या पुन्हा दिसतात. पाचही जण हुशार निवडू नका. एक तुमच्याच क्लासचा, एक क्लास न लावलेला, एक मागे पडलेला, एक ज्याच्या घरी स्मार्टफोन नाही असा, आणि एक धामणगाव बढे किंवा पिंपळगाव देवीकडून येणारा, कारण बसच्या वेळेमुळे त्याचा अभ्यासाचा तास वेगळा असतो. मुलगी किमान दोन तरी. कागद समोर ठेवायचा आणि म्हणायचं, 'कालची चाचणी सोडवायची आहे, कुठे दाबशील?' बोटाने दाबलं की तुम्ही पुढचा कागद ठेवायचा. तुम्हीच संगणक.

खर्च? झेरॉक्स आणि कोरे कागद पन्नास-साठ रुपये, चहा-बिस्किटं दीडशे-दोनशे, लांबच्या मुलांचं जाण्यायेण्याचं भाडं शंभर-दीडशे. पाचशेच्या आत एक दुपार. दुरुस्त करून पुढच्या रविवारी पुन्हा केली तरी हजार. पालकांची परवानगी आधी घ्या आणि मुलांना सांगून ठेवा, परीक्षा कागदाची आहे, तुमची नाही. नाहीतर पोरं पाहुण्यासमोर शहाणी होतात आणि काही कळलं नाही तरी माना डोलावतात.

मुलांना उत्तर टाइप करायला लावणार असाल तर आणखी एक बघा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या १९६९ मध्ये सुरू झालेल्या डिझाइन विभागातल्या प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'स्वरचक्र' नावाचा मराठी कीबोर्ड काढला. अक्षरं शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने लावलेली, आणि 'क' दाबला की त्याच्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चक्रासारखी उमटते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी शोधायचा आटापिटा नाही. मुलाला जे आधीच येतं त्यावर रचना उभी करायची, याचं एवढं स्वच्छ मराठी उदाहरण दुसरं सापडणार नाही. तो फुकट होता. तुमच्या ॲपमध्ये कीबोर्ड कोणता, हा प्रश्न विकसकाला विचारा. बहुधा त्याने विचारच केलेला नसतो.

दुसरी पायरी, ॲप न बनवता काम भागतं का ते बघणं. २०२० च्या नोव्हेंबरात, शाळा बंद असताना, राज्याच्या शिक्षण विभागाने 'स्वाध्याय' हा उपक्रम सुरू केला. दर आठवड्याची प्रश्नमंजुषा थेट व्हॉट्सॲपवर. नवं ॲप उतरवायचं नाही, लॉगिन शिकायचं नाही, आईला माहीत असलेल्या ठिकाणीच प्रश्न यायचे. साठ-सत्तर मुलांच्या क्लासला एक व्हॉट्सॲप गट आणि गुगल फॉर्मवर चाचणी, एवढं एक वर्ष चालवा. खर्च शून्य. वर्षाअखेर तुमच्याकडे एक यादी तयार होईल : कोणती मुलं फॉर्म अर्धवट सोडतात, कोणत्या वेळी उघडतात, कुठल्या प्रश्नावर फोन करतात. हीच पुढच्या ॲपची मागणी. ही यादी नसताना ॲप काढणारा माणूस अंदाजपंचे पैसे घालतो.

त्यानंतरही ॲप हवंच असेल तर तीन वाटा. एमआयटी ॲप इन्व्हेंटरसारख्या फुकट साधनावर स्वतः शिकून करणं ही पहिली. गणिताच्या सरांना जमतं, पण सुट्ट्या खर्ची पडतात. दुसरी, मलकापूरच्या कोलते अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विचारणं. विद्यार्थ्यांना खरा प्रश्न हवा असतो, तुम्हाला हात हवे असतात. जाण्यायेण्याचा आणि चाचणीचा खर्च तुम्ही उचला. धोका एकच, जूनमध्ये ती मुलं पुण्याला नोकरीला जातात आणि ॲप पोरकं होतं. म्हणून सगळा सोर्स कोड आणि पासवर्ड प्रकल्प संपण्याआधी हातात घ्या. तिसरी वाट पैसे देऊन. दहा-बारा स्क्रीनच्या साध्या ॲपला एकट्या विकसकाचं कोटेशन साधारण चाळीस-पन्नास हजारांपासून येतं, एजन्सीचं दोन-तीन लाखांच्या पुढे जातं. वर्षाची देखभाल सहसा मूळ खर्चाच्या १५ ते २० टक्के मागतात आणि ती टाळता येत नाही, कारण अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीला जुळवून घ्या असं गुगल दरवर्षी सांगतं. 'एकदाच पैसे, आयुष्यभर ॲप' म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

आणि ते 'तुमच्या नावाचं ॲप' देणारे फोनवाले? त्यांचं ॲप तयारच असतं, फक्त वरचं नाव आणि फोटो तुमचा. वर्षाची वर्गणी, कुठे प्रत्येक विक्रीवर हिस्सा. घाईत असाल तर वाईट नाही. फक्त आधी एवढं लेखी घ्या, की करार संपल्यावर मुलांची यादी, गुण आणि तुमचे व्हिडिओ तुम्हाला परत मिळतील, आणि कोणत्या स्वरूपात. शिवाय मुलांची माहिती गोळा करायची तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मुलाचं नाव आणि इयत्ता पुरत असताना आधार, जन्मतारीख, आईचं नाव मागणारा फॉर्म काढूनच टाका. फॉर्म जितका छोटा, तितकी अडणारी मुलंही कमी.

कोटेशनमध्ये एक ओळ शोधा : वापरणाऱ्यांची चाचणी. बहुतेकांत ती नसते. 'यूआय-यूएक्स' नावाखाली वीस-पंचवीस हजार लावलेले असतात, ते रंग आणि चित्रांचे. विचारा, यात आमच्या मुलांसोबत किती वेळा बसणार? एकदाही नाही असं उत्तर आलं, तर ती रक्कम अर्धी करा आणि चाचणी तुम्ही स्वतः करा, ती कशी ते वर आलं आहेच. मराठी अक्षरांसाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. मुंबईच्या एक टाइपने केलेले 'मुक्त' आणि 'बलू', गुगलचा 'नोटो सॅन्स देवनागरी', हे फॉन्ट फुकट आहेत आणि जोडाक्षरं चोख दाखवतात. स्क्रीनची आखणी करायच्या फिग्मा या साधनाचीही फुकट आवृत्ती आहे.

प्ले स्टोअरवर खातं उघडायला गुगल एकदाच २५ डॉलर घेतं, साधारण सव्वादोन हजार रुपये. ते खातं तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर उघडा. विकसकाच्या खात्यावर ॲप चढवलं, की उद्या भांडण झाल्यावर ॲप त्याचं. कोर्स ॲपमधूनच विकायचा असेल तर गुगलचा वाटाही धरा. छोट्या विकसकांसाठी तो २०२१ पासून १५ टक्के झाला, म्हणजे हजाराच्या कोर्समागे दीडशे. ठरवण्याआधी चालू दर बघून घ्या.

पैसे एकदम देऊ नका. एक हप्ता कागदावरच्या स्क्रीन मुलांनी वापरून झाल्यावर, एक पहिलं चालतं ॲप आल्यावर, आणि शेवटचा तीसेक टक्क्यांचा चाचणीतल्या दुरुस्त्या पुऱ्या झाल्यावर. वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याची चाचणी करावी अशी गुगलची अट आहे. विकसक म्हणेल, 'ते आमच्यावर सोडा सर, ऑफिसातली बारा पोरं टाकतो.' त्याला नाही म्हणा. बारा ईमेल तुम्ही द्या, पालकांचे, आणि त्यांत हे असू देत : दोन बोराखेडीतले, दोन रोहिणखेडचे, दोन-तीन ज्यांच्या गावात रेंज एका पट्टीवर असते, एक ज्यांच्या फोनची काच कोपऱ्यात फुटली आहे, आणि एक आजी, ज्यांच्या फोनवर नातू अभ्यास करतो. रोज संध्याकाळी त्यांच्यापैकी एकाला फोन करून एवढंच विचारा, 'आज कुठं अडलं?' उत्तरं वहीत लिहा, आणि शेवटच्या हप्त्याच्या दिवशी ती वही विकसकापुढे ठेवा.